प्लॅनमध्ये नसलेलं शेत

अण्णा, तुम्ही गेल्याला सोळा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी चाललेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

संस्थेत शोकसभा झाली. संचालक बोलले, प्रक्षेत्रावरचे मजूर बोलले, निवृत्त झालेले दोघे-तिघे मुद्दाम येऊन बोलले. सगळ्यांनी मिळून तुम्हाला शांत, मनमिळाऊ आणि कधीही आवाज न चढवणारा माणूस करून टाकलं. मी मागच्या रांगेत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल चाललंय? माझ्या टेबलावर मूठ आपटून पेनांचा डबा पाडणारे अण्णा कुठे गेले? मला बोलायला सांगितलं तेव्हा तमिळ नीट येत नाही अशी सबब सांगून मी बसून राहिले. भांडण्यापुरतं तमिळ मला येतं, आणि ते तुम्हीच शिकवलंत. पण मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे. तुम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिते आहे, हेही मला कळतंय. तुम्ही असता तर मला हे मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं आणि तुम्ही दर दोन वाक्यांनी मला अडवलं असतं. अडवा. मला तेच हवं आहे.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमागे मी कराडहून तंजावूरला आले. इथल्या भात संशोधन संस्थेत नियोजन अधिकारी म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये आईशी फोनवर बोलत उभी होते. मागून आवाज आला, "तुमी आमच्यातलेच की!" वळून बघते तो तुम्ही. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला, कपाळावर गंध. प्रक्षेत्र अधीक्षक मल्हारी राव. तुमचं मराठी ऐकून मी हसले होते, ते तुम्ही कधी विसरला नाहीत. तमिळच्या चालीवर हेलकावे घेणारं, मध्येच दोनतीनशे वर्षांपूर्वीचा एखादा शब्द जपून ठेवलेलं ते मराठी. सगळं म्हणायचं तर तुम्ही 'अस्कं' म्हणायचात आणि लवकर म्हणायचं तर 'बेगी', आणि मला बोलताना तमिळांसारखं 'मा' जोडायचात. मी हसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हस मा. पण कोणाचं खरं जुनं, ते आधी बघ."

त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तरी राजवाड्यामागच्या तुमच्या गल्लीत माझी फेरी व्हायची. वहिनी उडदाचं डांगर दह्यात कालवून वाढायच्या. तुमची लेक चित्रा आमचं सगळं बोलणं समजून घ्यायची आणि उत्तर मात्र तमिळमध्ये द्यायची. परक्या गावात मला एक घर मिळालं. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे असं काही म्हणत नाहीत.

मग ती सिस्टम आली.

आणली मीच. हे लपवण्यात अर्थ नाही. संस्थेत प्रत्येक विभागाचं नियोजन वेगळ्या वहीत, वेगळ्या फाइलीत, वेगळ्या माणसाच्या डोक्यात. कोणत्या प्रयोगाला कोणता प्लॉट, पाणी कोणत्या दिवशी, मजूर किती, वाळवणीचं यंत्र कोणाकडे, शीतगृहातलं बियाणं किती उरलं, या सगळ्याचा मेळ तुम्ही तुमच्या खोलीतल्या फळ्यावर खडूने घालायचात. संचालकांना काही विचारायचं असलं की ते तुम्हाला फोन लावायचे. नियोजन आणि नियंत्रण एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर घ्यावं, असा प्रस्ताव मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'सध्याची व्यवस्था एका व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे.' ते तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवलं. तुम्ही माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "ती एक व्यक्ती म्हणजे मी की?"

"हो."

"आणि मी काय विसरलो?"

मला एकही उदाहरण देता आलं नाही. "आज नाही विसरलात," मी म्हणाले, "पण उद्या तुम्ही नसलात तर?" पेनांचा डबा पडला तो तेव्हा.

अण्णा, हे वाक्य मी त्या दिवशी केवळ वाद जिंकण्यासाठी बोलले होते. निवृत्ती माझ्या डोक्यात होती. दुसरं काही नव्हतं.

तरीही तुम्ही बसलात. माझ्याशी चार दिवस अबोला धरून पाचव्या दिवशी तुमच्या वह्यांची पिशवी घेऊन आलात. कंपनीच्या माणसांना तुमचे नियम हवे होते. कोणत्या जातीनंतर कोणत्या प्लॉटला विश्रांती द्यायची, कालव्याचं पाणी उशिरा आलं तर कोणाचा प्रयोग आधी वाचवायचा. वह्या तमिळ लिपीत होत्या. कंपनीतला एक तमिळ माणूस खुशीत वाचायला बसला आणि दहा मिनिटांत घामाघूम झाला. अक्षरं सगळी ओळखीची, अर्थ मात्र एकाही शब्दाचा लागेना. कारण भाषा तुमची, घरातली. त्याला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. मला कळलं असतं पण वाचता येत नव्हतं. तुम्ही खुर्चीत मागे रेलून इतके हसलात की तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुलूप नको, किल्ली नको," म्हणालात, "बघा, कसं ठेवलंय!"

शेवटी कयलला बोलावलं. तीन वर्षांपूर्वी लागलेली, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली शास्त्रज्ञ मुलगी. ती वाचायची, मी ऐकून मराठीत समजून घ्यायचे, इंग्रजीत टाइप करायचे, आणि तुम्ही मध्येमध्ये म्हणायचात, "तसं नक्को लिहू मा, ते त्या वर्षापुरतं होतं." तीन आठवडे दुपारच्या जेवणानंतर आपण हे केलं. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात सुखाचे दिवस. कयल अर्थ न समजता तुमची मराठी वाक्यं इतकी स्वच्छ वाचायची की शेवटी शेवटी तिला शिव्यासुद्धा पाठ झाल्या. त्या वह्यांत शिव्या पुष्कळ होत्या.

त्याच दिवसांत ती गोष्ट घडली. जुने अर्ज सिस्टममध्ये चढवताना कयलचे दोन अर्ज निघाले. लागोपाठ दोन हंगाम तिने प्लॉट मागितला होता. नाकारलेला नव्हता, दिलेलाही नव्हता. तुमच्या खोलीत तारेला टोचलेल्या कागदांत ते दोन्ही कागद तसेच होते. तुम्ही म्हणालात, "ही पोर कधी बोलली नाही." कयल खाली बघून तमिळमध्ये म्हणाली, "सर, मी तीनदा आले होते. तुम्ही मोठ्या साहेबांशी फोनवर होता. मी परत गेले."

तुम्ही चहा न घेता उठून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर तुम्ही तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे. आत न जाता, नुसते उभे. काय बोललात ते मला ठाऊक नाही, तिने सांगितलं नाही. पण नंतर जिन्यात मला म्हणालात, "तुझ्या मशीनला तोंड बघून वागता येत नाही. ते एक बरं आहे." एवढंच. मला कोणीतरी पदक दिल्यासारखं वाटलं होतं.

इथपर्यंत सगळं सांगायला सोपं आहे.

ऑगस्टच्या शेवटी सिस्टम सुरू झाली. नियम असा, की प्रत्येक प्लॉटला एक प्रकल्प हवा, प्रकल्पाला क्रमांक हवा, सुरुवात आणि शेवट हवा, जबाबदार माणूस हवा. ज्या प्लॉटला प्रकल्प नाही तो रांगेतल्या पुढच्या प्रकल्पाला जाणार. कालव्याच्या कडेचा कोपऱ्यातला प्लॉट असा मोकळा निघाला आणि रांगेतलं पहिलं नाव होतं कयलचं. तिला तो मिळाला. मी अभिमानाने ते पान छापून भिंतीवर लावलं.

तुम्ही दुपारी आलात. उभ्याउभ्याच म्हणालात, "तो कोपरा मोकळा नव्हता."

शीतगृहातलं जुनं बियाणं दर काही वर्षांनी पेरून ताजं करून घ्यावं लागतं, नाहीतर पाकिटातच मरतं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तुम्ही ते दरवर्षी त्या कोपऱ्यात करत होता, थोड्या थोड्या जाती घेऊन, कुठेही न नोंदवता. ते कोणाच्याच प्रकल्पात नव्हतं. सगळे शास्त्रज्ञ ते बियाणं वापरत होते, पण ते कोणा एकाचं नव्हतं. आपण तीन आठवडे वह्या वाचल्या त्यांतही ते नव्हतं. "लिहिलं का नाहीत?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "रोज जेवायचं असतं म्हणून कोणी लिहितं की?"

मग वाद सुरू झाला. मी म्हणाले, रीतसर प्रस्ताव द्या, क्रमांक घेऊ, पुढच्या हंगामात पहिला प्लॉट तुम्हाला. तुम्ही म्हणालात, यंदाच्या जाती वाट बघणार नाहीत, उगवण तपासून बघितली आहे, निम्मे दाणेही उगवत नाहीत, आणखी एक वर्ष म्हणजे संपलं. मी म्हणाले, मग दुसऱ्या कोणाचा प्लॉट काढून घेऊ? कयलचा? तुम्ही म्हणालात, "तिचा नक्को."

"मग मी काय करू, अण्णा?"

"तुला काही करायचं नसेल तर मशीनला विचार," असं म्हणून तुम्ही निघून गेलात.

त्या वेळी तुम्ही संचालकांना एक फोन केला असता तर तो प्लॉट संध्याकाळपर्यंत तुम्हाला मिळाला असता. तीस वर्षांचा तुमचा शब्द होता. कयलने तक्रारही केली नसती, तिची सवयच नव्हती. तुम्ही तो फोन केला नाहीत. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं, वाद मी जिंकला.

डिसेंबरात शीतगृहाची पहिली मोजणी झाली. सिस्टम म्हणत होती एवढी पाकिटं, प्रत्यक्षात बावीस कमी. शीतगृहाची किल्ली दोघांकडे, एक माझ्याकडे आणि एक तुमच्याकडे. नोव्हेंबरच्या पावसात तुम्ही तीनदा न सांगता रजा घेतली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाकिटं कोणी नेली हे मला त्याच क्षणी कळलं, अण्णा. तुमची खोली माझ्या खोलीपासून वीस पावलांवर. मी उठून यायला हवं होतं. दार लोटून विचारायला हवं होतं, "अण्णा, काय केलंत?" दोन मिनिटांचं काम होतं.

मी आले नाही. मला राग आला होता. आपण एवढं मिळून उभं केलं आणि पहिलं भोक तुम्हीच पाडलंत, याचा राग. मी पडद्यावरचं 'स्पष्टीकरण मागवा' हे बटण दाबलं.

तुम्ही तो छापील कागद हातात घेऊन आलात. चष्मा कपाळावर. कागद माझ्यापुढे ठेवलात आणि हळू आवाजात विचारलंत, "बाई, हे तू लिहिलंस की मशीनने?"

मी म्हणाले, "सिस्टम आपोआप पाठवते, अण्णा."

खोटं बोलले. मजकुराचा साचा सिस्टमचा होता, पण पाठवण्याआधी तो मी दोनदा वाचला होता. एक वाक्य मला मवाळ वाटलं म्हणून बदललं होतं. 'संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय हलवल्याचे दिसून येते' हे वाक्य माझं आहे. सभेत मला हे बोलता आलं नसतं, आणि दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. तुम्हाला सांगते. ते मी लिहिलं होतं.

तुम्हाला ते कळलं होतं, असं मला वाटतं. कारण तुम्ही नुसतं "ओके, मॅडम" म्हणालात. आणि त्यानंतर माझ्याशी मराठी बोलणं बंद केलंत.

तीन आठवडे. समोर आलात तर इंग्रजीत, फार झालं तर तमिळमध्ये. "गुड मॉर्निंग, मॅडम." "वॉटर रिलीज डेट चेंज्ड, मॅडम." कामात कसूर नाही, आवाजात राग नाही. सिस्टममध्ये तुमच्या नोंदी सगळ्यांपेक्षा वेळेवर असायच्या. एवढ्या मोठ्या कॉरिडॉरमध्ये माझी भाषा बोलणारं एकच माणूस होतं आणि ते मला मॅडम म्हणत होतं. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. तो म्हणायचा, जा ना, बोल त्यांच्याशी. मी म्हणायचे, आधी त्यांनी खुलासा द्यावा. खुलाशाचा रकाना रिकामाच होता. उत्तर आलं नाही की सिस्टम रोज सकाळी नऊ वाजता स्मरणपत्र पाठवायची. माझ्या नावाने.

मग तो गुरुवार. पोंगलला आठवडा राहिला होता. मी संचालक आणि कंपनीच्या माणसांबरोबर आढाव्याच्या बैठकीत होते. तुमचा फोन आला, मी कापला. पाच मिनिटांनी तुमचा आवाज मेसेजमधून आला. बैठक संपल्यावर ऐकला. "बाई, उद्या बेगी सुटलीस तर तिरुवैयारूला येशील की? एक दाखवायचंय. कयललाही आण. अस्कं सांगतो."

मराठीत. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं बरं वाटलं की लगेच उत्तर द्यायला मन होईना. थोडं ताणून धरावं असं वाटलं. शुक्रवारी अहवाल द्यायचा होता हेही खरं. मी लिहिलं, 'सोमवारी बघू या.' तुम्ही अंगठा पाठवलात.

रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलात आणि तिथेच बसलात. वहिनींचा फोन आला तेव्हा मी बाजारात ऊस घेत होते.

सोमवारी नऊ वाजता तुम्हाला स्मरणपत्र गेलं. मंगळवारीही गेलं. मी घरी होते, मला सुचलंच नाही. बुधवारी ऑफिसात आले तेव्हा पडद्यावर दिसलं. ते थांबवायला कारण निवडावं लागतं. यादीत बदली, निवृत्ती, राजीनामा एवढंच होतं. मी काही न निवडता मशीनची वायर भिंतीतून ओढून काढली. चालू मशीनची. मी, जी इतरांना रीतसर बंद करायला शिकवते.

तेराव्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शेताचं काय करायचं? माझा भाऊ पुसतोय."

"कसलं शेत, वहिनी?"

"तुला सांगितलं नाही? म्हणाले होते, बाईला सांगतो, अस्कं उभं राहिलं की सांगतो, आत्ता सांगितलं तर बिचारी अडकते."

बिचारी अडकते. अण्णा, मी उष्टी पानं उचलायला वाकले. चित्रा आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा मराठीत बोलली, एकच वाक्य, अडखळत. "अप्पा तुमच्यावर रागावले नव्हते." मला ते खरं वाटत नाही. रागावला होतात तुम्ही. पण ती बोलली.

दुसऱ्याच दिवशी कयलला घेऊन तिरुवैयारूला गेले. वहिनींच्या भावाच्या शेतात, नदीच्या अंगाला, कडेचा एक तुकडा. त्यात बावीस ओळी. एक उंच, एक ठेंगणी, एक काळपट लोंबीची, एक आधीच सोनेरी झालेली, एक अजून हिरवी. दोन ओळींमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं. पक्ष्यांसाठी वर जाळी. वहिनींचे भाऊ सांगत होते की नोव्हेंबरात पाणी चढलं तेव्हा तुम्ही दोन दिवस बांधावर उभे राहून चर काढत होता. मी त्या दोन दिवसांपुढे 'विनापरवानगी रजा' असं लिहिलेलं आहे.

प्रत्येक ओळीच्या टोकाला बांबूची काडी, काडीला पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी. पट्टीवर तमिळमध्ये जातीचं नाव आणि खाली आमच्या सिस्टमचा क्रमांक. सगळे आकडे, सगळ्या आडव्या रेघा. हे क्रमांक दिले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हे नाव नाही मा, हा लॉरीचा नंबर. मी चिखलात बसकण मारली. म्हणजे तुम्ही हे परत आणणार होता. रीतसर. जिथल्या तिथे.

कयल ओळीओळीने वाचत पुढे गेली आणि शेवटाकडे थांबली. "मॅडम, इथे बघा." दोन ओळींवर एकच क्रमांक. वरची नावं पावसाने धुतली गेलेली. दोन्ही ओळी दिसायला सारख्या, दोन्ही मध्यम उंचीच्या, दोन्ही लाल झाक असलेल्या. कोणती कोणती, ते तुम्हालाच माहीत.

आणि इथे माझं भांडण परत सुरू होतं, अण्णा. तुम्ही चूक होता असं मला म्हणवत नाही. तुम्ही नसता तर या बावीस जाती पाकिटांत मेल्या असत्या आणि सिस्टममध्ये मात्र 'शिल्लक' म्हणून हिरव्या रंगात दिसत राहिल्या असत्या. हे मान्य. पण तुम्ही हे सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवलंत. वहिनींनी विचारलं नसतं तर? भावाने सगळं एकत्र कापून भाताच्या पोत्यात भरलं असतं तर? प्रस्तावात मी लिहिलेलं ते वाक्य खरं निघालं. माझा मुद्दा खरा ठरावा म्हणून तुम्ही जायला हवं होतं असं थोडंच होतं? मला या वादात हरायचं होतं. तुम्ही सत्तरीचे, पंचाहत्तरीचे होऊन दरवर्षी माझ्या टेबलाशी येऊन सांगायला हवं होतं, बघ, मी काही विसरलो नाही.

काल संचालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे हे गंभीर आहे. आता ते नाहीत, तर आपण फाइल बंद करू. 'सापडलं' असं दाखवू."

मी म्हणाले, "सापडलं नाही सर. जपलं गेलं. सप्टेंबरात त्यांनी माझ्याकडे जागा मागितली होती आणि मी नाही म्हटलं होतं. त्याचा कागद नाही. मी सांगते आहे हाच कागद समजा. नोटीस काढायची तर माझ्या नावाने काढा."

ते म्हणाले, "पुढच्या वर्षी कोण करणार हे?"

त्याच दुपारी मी सिस्टममध्ये नवा प्रकल्प उघडला. बियाणं ताजं ठेवण्याचा. शेवटची तारीख मागते ती. मी रिकामी ठेवली तर पुढे जाऊ देत नाही. कंपनीला फोन केला, म्हणाले प्रत्येक कामाला शेवट असायलाच हवा, रचनाच तशी आहे. मी त्यांच्याशी पाऊण तास वाद घातला. बोलता बोलता लक्षात आलं, मी तुमची वाक्यं इंग्रजीत बोलते आहे. रोज जेवायचं असतं त्याला कसली शेवटची तारीख? ते म्हणाले बघतो, बदल करायला महिना लागेल. त्यांच्या मागे लागणार आहे मी. जबाबदार माणूस या रकान्यात दोन नावं चालत नाहीत, नाहीतर कयलचंही घातलं असतं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझं घाला." स्वतःहून म्हणाली. तुम्ही ऐकायला हवं होतं.

त्या दोन सारख्या ओळी वेगळ्या बांधून ठेवू, पुढच्या हंगामात दोन्ही पेरून बघू, तेव्हा कदाचित कळेल. कदाचित नाही कळणार.

उद्या सकाळी सोनेरी ओळ कापायची आहे. आजच कापायला हवी होती की अजून चार दिवस थांबायचं, आम्हा दोघींना खात्री नाही. दाणा दाताखाली धरून बघतात, कट्‌ वाजला की झाला, एवढंच कयलला माहीत आहे. ती परवापासून दाणे चावते आहे आणि दर वेळी माझ्याकडे बघते. मीही चावून बघितला. मला नुसता कच्च्या तांदळाचा वास आला आणि डोळे भरून आले, त्यावरून काही ठरवता येत नाही. तरी उद्याची तारीख घातली आहे. चुकलो तर चुकलो. नोंद माझ्या नावावर आहे.